स्माइली टाकली की दार उघडतं

२१ जून २०२२. पावसाळा नुकताच लागलेला. त्या रात्री बारा ते दोनच्या दरम्यान गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरलं आणि राज्यातल्या प्रमुख नद्यांच्या पूरनिरीक्षणाची माहिती कुलूपबंद करून गेलं. पंधरा केंद्रांवरून येणारे आकडे एका रात्रीत हाताबाहेर गेले. प्रत्येक फाइलीच्या नावामागे ‘ईकिंग’ असं शेपूट लागलं होतं आणि पडद्यावर चिठ्ठी होती: फाइली परत हव्या असतील तर बिटकॉइन मोजा. तीन दिवसांनी खात्याने सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला, अँटिव्हायरस नाही, फायरवॉल जुनाट, हे त्या तक्रारीतच लिहिलेलं होतं.

पाळी, साखळी, डिचोलीकडच्या माणसाला पुराचा आकडा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. वाळवंटी नदी चढली की साखळीच्या बाजारातले दुकानदार माल माळ्यावर टाकायला लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचं पाणी सोडलं तेव्हा डिचोलीतलं साळ आणि पेडण्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल ही गावं पाण्यात गेली होती. २३ जुलै २०२१ चा पूर तर १९८२ नंतरचा सर्वात मोठा म्हणून नोंदला गेला. त्यानंतर अकराच महिन्यांनी, ऐन जूनमध्ये, नद्यांवर नजर ठेवणारा सर्व्हरच आंधळा झाला. हल्लेखोराला आपल्या नद्यांची नावंसुद्धा माहीत नसतील. असे चोर गाव निवडत नाहीत; उघडं दार दिसलं की आत शिरतात.

मागीलदार

कोकणी घराच्या पुढच्या दाराला आडणा असतो, पण मागीलदाराची कडी दिवसभर सैलच असते. सर्व्हरचंही तेच होतं. बॅकडोअर म्हणजे सर्व्हरवर गुपचूप बसवलेला असा प्रोग्राम, जो पासवर्ड न विचारता बाहेरच्या माणसाला आत घेतो आणि त्याचे हुकूम मुकाट्याने पाळतो. फाइल पाठव म्हटलं की पाठवतो, पुस म्हटलं की पुसतो, शेजारच्या सर्व्हरवर चाल कर म्हटलं की तेही करतो. मालक समोर बसून काम करत असतो आणि यंत्र दुसऱ्याचंही ऐकत असतं.

‘ईकिंग’ हे शेपूट फोबोस नावाच्या खंडणीखोर मालवेअरचं. त्याची नेहमीची पद्धत साधी आहे. लांबून सर्व्हर हाताळता यावा म्हणून विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपची सोय असते. ती इंटरनेटवर उघडी ठेवलेली यंत्रं शोधायची, पासवर्डवर पासवर्ड मारत बसायचं, आणि एकदा आत गेलं की स्मोकलोडरसारखा बॅकडोअर बसवून मग सावकाश हात मारायचा. फोबोसच्या टोळीने जगभर हजाराहून अधिक संस्थांकडून दीड कोटी डॉलरच्या वर उकळले. तिचा कारभारी असल्याचा आरोप असलेल्या रशियन माणसाला दक्षिण कोरियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात दिलं. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये जपानच्या पोलिसांनी फोबोस आणि त्याच्या एटबेस या भावंडाने कुलूपबंद केलेल्या फाइली उघडणारं साधन फुकट वाटलं. म्हणून एक गोष्ट कोणत्याही पतसंस्थेने, पंचायतीने लक्षात ठेवावी: कुलूप लागलेल्या फाइली फेकू नका. वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. किल्ली दोन-तीन वर्षांनीही मिळू शकते.

दोन टिंबं आणि एक कंस

आता शीर्षकातली गंमत. सर्व्हरवर फाइली चढवा-उतरवायला ‘व्हीएसएफटीपीडी’ नावाचा प्रोग्राम वापरतात. या नावातली पहिली दोन अक्षरं ‘व्हेरी सिक्युअर’ मधली. २०११ च्या जून अखेरीस कोणीतरी त्याच्या मूळ साइटवर जाऊन २.३.४ या आवृत्तीची प्रत बदलून ठेवली. बदललेल्या प्रतीत जादू अशी होती: लॉगिन करताना नावाच्या जागी काहीही लिहा, पण त्यात :) हे हसरं तोंड असू द्या. मग पासवर्ड काहीही टाका. सर्व्हर ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडतो आणि पलीकडे सर्वाधिकार हाती देणारी खिडकी तयार. ३ जुलैला ही लबाडी उघड झाली आणि खरी प्रत परत जागेवर आली. आजही सायबर सुरक्षा शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी पहिला धडा म्हणून हीच हसरी प्रत देतात.

एक बरोबर, दोन बरोबर

हा किस्सा प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने जवळून पाहावा. सी या भाषेत दोन बरोबरची चिन्हं जोडून लिहिली की अर्थ होतो ‘हे त्याच्याएवढं आहे का?’ आणि एकच बरोबर लिहिलं की अर्थ होतो ‘हे त्याच्याएवढं कर’. ५ नोव्हेंबर २००३ च्या सुमारास लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत दोन ओळी घुसल्या. वरवर पाहता त्या विचारत होत्या, ‘वापरणारा क्रमांक शून्य आहे का?’ लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे रूट, यंत्राचा धनी. पण तिथे एकच बरोबर होतं. म्हणजे ओळ विचारत नव्हती, करत होती: काही विशिष्ट पर्याय देऊन येणाऱ्या कोणालाही धनी करून टाकत होती.

एक चिन्ह कमी आणि जगभरच्या लाखो सर्व्हरांची किल्ली. पकडलं कसं? मूळ कोठारातली प्रत आणि ही दुय्यम प्रत ताडून पाहताना लॅरी मॅकव्हॉय यांच्या लक्षात आलं की या बदलाला मंजुरीची नोंदच नाही. कोड वाचून चोरी सापडली नाही, हिशेब जुळला नाही म्हणून सापडली. आपल्या जुन्या पतपेढ्यांतले कारकून रोज संध्याकाळी रोजकीर्द जुळेपर्यंत उठत नसत. तीच शिस्त इथे कामी आली.

अर्धा सेकंद

या विषयातला माझ्या मते सर्वात मोठा किस्सा २०२४ चा. अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे. त्यांना दिसलं की सर्व्हरवर लांबून लॉगिन होताना नेहमीपेक्षा वेळ जास्त लागतोय. किती जास्त? सुमारे अर्धा सेकंद. शंभरातल्या नव्याण्णव जणांनी नेट हळू आहे म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी सोडलं नाही. धागा ओढत ओढत ते ‘एक्सझेड’ नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनापर्यंत पोचले आणि २९ मार्चला जगाला सांगितलं: यात बॅकडोअर आहे.

आत शिरवण्याची पद्धत तर अंगावर काटा आणणारी. हे साधन एकच थकलेला स्वयंसेवक बिनपगारी सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून त्याला मदत करायला लागलं. चांगली, उपयोगी मदत. अनोळखी नावांनी तक्रारी यायच्या, ‘तुम्हाला वेळ होत नाही तर दुसऱ्याच्या हाती द्या’. शेवटी दुसऱ्याच्या हाती दिलं गेलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून विष आलं. ते लिनक्सच्या मुख्य आवृत्त्यांत सर्वदूर पसरण्याआधी सापडलं म्हणून आपण वाचलो. अडीच-तीन वर्षं विश्वास कमावून मग दार बसवणारा माणूस कोण, की माणसांचा गट, हे आजवर उघड झालेलं नाही.

न्हावा-शेव्याला युक्रेनचा झटका

२७ जून २०१७. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या समूहाचं टर्मिनल अचानक ठप्प झालं. कंटेनर हलेनात, नोंदी हाताने करायची वेळ आली. कारण? युक्रेनमधला एक कर भरायचा प्रोग्राम.

‘एमईडॉक’ हे तिथल्या व्यापाऱ्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, आपल्याकडे टॅली असावं तसं घरोघरचं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच बॅकडोअर घातला. तो एप्रिलपासूनच्या अपडेटमध्ये होता, हे नंतर इसेट कंपनीच्या तपासात दिसलं. जूनच्या त्या दिवशी त्याच वाटेने नॉटपेट्या नावाचा विध्वंसक मालवेअर सोडला गेला. मर्स्कचं युक्रेनमध्ये कार्यालय होतं, तेवढं पुरलं. काही तासांत जगभरची त्यांची यंत्रं काळी पडली. पुढच्या दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात.

आणि ही उभारणी शक्य झाली ती घानामुळे. साऱ्या जाळ्यात कोण कोण आहे याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या सगळ्या प्रती एकाच वेळी मेल्या होत्या. वाचली एकच, घानातल्या कार्यालयातली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! ती प्रत विमानाने इंग्लंडला नेली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीकडे नेटपासून तुटलेली अशी एकही प्रत मुद्दाम ठेवलेली नव्हती, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं.

मुंबईची बत्ती आणि शॅडोपॅड

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने अहवाल दिला की चीनशी जोडलेल्या एका गटाने भारताच्या वीजक्षेत्रातल्या १० संस्थांवर आणि २ बंदरांवर नेम धरला होता. त्यात मुंबई पोर्ट ट्रस्ट होतं आणि देशातल्या पाच विभागीय भारप्रेषण केंद्रांपैकी चार होती. गोवा ज्यात मोडतो ते पश्चिम विभागाचं केंद्रही त्या चारांत. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन १४ ट्रोजन सापडल्याचं सांगितलं. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र वीज जाण्याचं कारण मानवी चूक असल्याचं म्हटलं. वीज कशाने गेली हा वाद आपण बाजूला ठेवू. शॅडोपॅड नावाचा बॅकडोअर वापरला गेला हे त्या अहवालाचं म्हणणं, आणि शॅडोपॅड ही चीज ओळखून घेण्यासारखी आहे.

कॅस्परस्कीने तो २०१७ मध्ये पहिल्यांदा पकडला. कुठे? सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांसाठीच बनवलेल्या नेटसारंग कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे राखणदाराच्या काठीतच घुसला होता. दर आठ तासांनी तो आपल्या मालकाकडे एक बारीक निरोप धाडायचा: यंत्राचं, वापरणाऱ्याचं आणि डोमेनचं नाव, बस्स. पलीकडच्याला ते यंत्र कामाचं वाटलं तरच उत्तर यायचं आणि मग दार पूर्ण उघडायचं. नाहीतर तो गप्प.

मुंबईतच मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा महामंडळालाही असाच पाहुणा भेटला. सप्टेंबर २०१९ मध्ये कुडनकुलम प्रकल्पाच्या प्रशासकीय कामाच्या एका संगणकावर डीट्रॅक नावाचा मालवेअर सापडला. महामंडळाने ३० ऑक्टोबरला ते मान्य केलं आणि अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही असं स्पष्ट केलं. डीट्रॅकचंच एक भावंड त्याआधी भारतीय बँकांच्या एटीएममध्ये कार्डांची माहिती गोळा करताना आढळलं होतं.

बँकेला न विचारता बँकेचे पैसे

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ ची. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी तिच्या एटीएम व्यवहारांत मालवेअरने एक बनावट मध्यस्थ उभा केला. एटीएममधून ‘पैसे देऊ का?’ असा प्रश्न आला की तो बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचायचाच नाही. बनावट मध्यस्थच ‘दे’ म्हणायचा. २८ देशांत एकाच वेळी एटीएमसमोर माणसं उभी होती, त्यात कोल्हापुरातलीही. पाठोपाठ १३ तारखेला बँकांच्या स्विफ्ट जाळ्यामार्गे हाँगकाँगच्या खात्यात १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. शनिवार-रविवार आणि स्वातंत्र्यदिनाचा आठवडा निवडला होता, हेही ध्यानात घ्या. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. हे सगळे हातात कार्ड घेऊन पैसे काढणाऱ्या साखळीतले.

आणि पुण्याचीच दुसरी बाजू. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत पुण्यात स्थिरावले, धाकट्या संजयना त्यांनी संगणकाचं शिक्षण दिलं आणि दुरुस्तीला येणाऱ्या व्हायरसग्रस्त यंत्रांतून क्विक हील जन्माला आला. याच कंपनीच्या सेक्राइट विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय संरक्षण दलांमागे लागलेली ‘साइडकॉपी’ मोहीम जगापुढे आणली. दुसऱ्या एका टोळीची पद्धत हुबेहूब उतरवून तपास भलतीकडे वळवणारी, म्हणून ते नाव.

पटापट काही

यूनिक्सच्या जनकांपैकी केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापल्या गेलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं की कोडचं भाषांतर करणारा कंपायलरच बिघडवला तर स्वच्छ कोडमधूनही बॅकडोअर तयार होतो, आणि तो बिघाड पुढच्या कंपायलरमध्येही आपोआप उतरतो. चाळीस वर्षांनीही यावर सोपं औषध नाही.

‘एबरी’ हा लिनक्स सर्व्हरवरचा बॅकडोअर २००९ पासून सुमारे ४ लाख सर्व्हरांत शिरला. लिनक्सचा गाभा जिथे ठेवतात ती कर्नल डॉट ऑर्गची यंत्रंही त्यातून सुटली नाहीत. टोळीतला एक जण फिनलंडच्या सीमेवर पकडला गेला आणि २०१७ मध्ये अमेरिकेत ४६ महिने आत गेला. बॅकडोअर तरीही फिरतोच आहे.

‘बीपीएफडोअर’ कोणतंही पोर्ट उघडत नाही. त्यामुळे दारं मोजणाऱ्याला दारच दिसत नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्या वाहतुकीवर कान ठेवून असतो आणि ठराविक खुणेचं एक पाकीट आलं की जागा होतो. दक्षिण कोरियाच्या एसके टेलिकॉममध्ये २०२५ मध्ये तो सापडला तेव्हा कळलं की शिरकाव २०२१ मध्येच झाला होता. सुमारे २ कोटी ७० लाख सिमांची माहिती गेली.

सोलरविंड्स कंपनीच्या अपडेटमधून गेलेला ‘सनबर्स्ट’ बॅकडोअर सुमारे १८,००० ग्राहकांच्या यंत्रांत उतरला. उतरल्यावर तो पंधरवडाभर काहीच करायचा नाही. उघडकीला आला तो फायरआय कंपनीत, कारण एका कर्मचाऱ्याच्या नावावर दुसरा फोन का नोंदला गेला, असं कोणीतरी त्याला विचारलं. तो म्हणाला, हा फोन माझा नाही.

मॅन्डियंटच्या वार्षिक पाहणीत घुसखोर सापडेपर्यंतचा मध्यक काळ २०११ मध्ये ४१६ दिवस होता. २०२४ मध्ये तो ११ दिवसांवर आला. ही खरोखर मोठी कमाई आहे, आणि ती लॉग वाचत बसणाऱ्या, अर्ध्या सेकंदावर अडणाऱ्या माणसांची आहे.

आपल्या गावात

पंचायत, पतसंस्था, हायस्कूल, खाणीवरचं वजनकाट्याचं ऑफिस, सगळीकडे कोपऱ्यात एक यंत्र चालू असतं ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. मोठ्या बँकेचा सर्व्हर रोज तपासला जातो. नदीच्या पातळीचा, पाणीपट्टीचा, विद्यार्थ्यांच्या गुणांचा सर्व्हर बंद पडला तरच आठवतो. माझी सगळी कळकळ या यंत्रांसाठी आहे. महिन्यातून एकदा पाहावं: वापरणाऱ्यांच्या यादीत अनोळखी नाव आलंय का? रिमोट डेस्कटॉप गरज नसताना उघडा आहे का? सोडून गेलेल्या ऑपरेटरचं खातं अजून चालू आहे का? वेबसाइटच्या फोल्डरात कोणी न ठेवलेली फाइल आहे का? ‘चायना चॉपर’ नावाच्या वेब शेलचा, म्हणजे वेबसाइटमार्गे चालणाऱ्या बॅकडोअरचा, सर्व्हरवर बसणारा तुकडा तर अवघ्या एका ओळीचा असतो, एवढ्यात सारा सर्व्हर चालवता येतो. आणि बॅकअपची एक प्रत अशी हवी जिची वायर कशालाच जोडलेली नाही.

शंका आलीच तर पहिला मोह होतो बटण दाबून यंत्र बंद करायचा. तो आवरा. कितीतरी बॅकडोअर फक्त मेमरीत राहतात. २०१७ मध्ये फुटलेला ‘डबलपल्सर’ यंत्र पुन्हा चालू केलं की नाहीसा व्हायचा, आणि बीपीएफडोअर तर आत शिरल्याबरोबर आपलीच फाइल पुसून टाकतो. यंत्र बंद केलं की पुरावाही गेला. नेटची वायर उपटा, वायफाय तोडा, यंत्र चालू ठेवा, पडद्याचा फोटो काढा आणि वेळ लिहून ठेवा. त्याच यंत्रावरून कोणालाही ईमेल करू नका, पलीकडचा वाचत असू शकतो. ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. सहा तासांचं हे घड्याळ रविवारीही चालतं, गणपतीतही आणि रात्री बारा ते दोनच्या दरम्यानही.